रक्ताबाहेरचं घर कथेत कसं उभं करायचं

मराठवाड्यातून नव्यानं लिहिणाऱ्या मुलामुलींच्या कथा वाचायला मिळतात, तेव्हा त्यांत एक माणूस हमखास भेटतो: मागं सोडलेला. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या आईबापाची वाट बघणारं लेकरू, माहेरी आणून घातलेली बाई, पुण्याला गेलेल्या पोराच्या फोनसाठी ताटकळलेला म्हातारा. लिहिणाऱ्यानं हे माणूस गल्लीत बघितलेलं असतं, त्यामुळं पहिली चार-पाच पानं जीव धरून ठेवतात. मग कुठून तरी एक प्रेमळ परका येतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि दोन पानांत सगळं मिटतं. त्या दोन पानांत खरी कथा हरवते. परकं माणूस आपलं होतं कसं, हे आपण वाचकाला दाखवतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. परक्या घरात माणसाला जागा मिळते ती मायेपेक्षा हक्कामुळं. जिथं न विचारता टोपल्यातली भाकरी घेता येते, रुसून जेवायचं टाळता येतं, कामाला नाही म्हणता येतं, ते घर आपलं. माया दाखवायला एक प्रसंग पुरतो. हक्क वाढताना दाखवायला सबंध कथा लागते. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

सोबतीला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोमनाथ, नऊ वर्षांचा, पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीवरचा. आईबाप ऊसतोडीला, तो आज्जीजवळ. एका हंगामानंतर बाप एकटाच परत येतो, आई येत नाही. पुढच्या वर्षी गेलेला बापही येत नाही. शेजारी गया राहते. नवऱ्यानं सोडलेली, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. काही दिवसांत आज्जीही जाते.

पहिली पायरी: सोडणं कोणत्या प्रकारचं

‘आईनं सोडलं’ एवढ्यावर लिहायला बसू नका. सोडण्याला तारीख होती का, ते कुणी बघितलं, गाव त्याबद्दल काय बोललं, यावर कथेची चाल ठरते.

ऊसतोडीचं सोडणं हंगामी असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. लेकरू आज्जीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. त्याला सोडलं असं कुणी म्हणत नाही, कारण परत यायचं ठरलेलं असतं. खरं सोडणं सुरू होतं ते टोळी गावात उतरते आणि तिच्यात आपलं माणूस नसतं, त्या दिवशी. म्हणून सोमनाथची कथा आई निघाली तिथून सुरू करू नका. टोळी परतते तिथून करा.

परित्यक्तेच्या सोडण्याला तारीख नसते. ती पंचमीला म्हणून माहेरी येते, न्यायला कुणी येत नाही, दिवाळी जाते, संक्रांत जाते, आणि एक दिवस शेजारीण विचारायचं थांबते. अशा कथेत काळ सणांनी मोजा.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरात आणखी निराळी कोंडी असते. गेलेल्या माणसावर चिडायची सोय नसते. पंधरा वर्षांच्या पोराला बापाचा भयंकर राग आलेला असतो आणि भिंतीवर त्याच बापाच्या फोटोला हार असतो. तो राग कुणावर निघतो, बैलावर, बहिणीवर की बँकेच्या माणसावर, हे शोधा. कथेचा कणा तिथंच सापडतो.

भूकंपाची कथा लिहिणार असाल, तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती, आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातली माती-दगडाची घरं झोपलेल्या माणसांवर आली. इथं सोडणारा कुणीच नाही. कथा सुरू होते ती लेकराला कोण नेतो यापासून. त्याच्या नावावर मदतीचे पैसे असतील, तर न्यायला आलेल्या चुलत्याच्या मनात काय काय असेल? एकच हेतू लिहू नका. माया आणि पैसा एका माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहतात.

आणि एक सोडणं सगळ्या समाजाचं असतं. पैठणजवळच्या आपेगावच्या त्या चार भावंडांची कहाणी आपल्याला घरोघरी माहीत आहे: संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, आईबाप गेलेले, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभी. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली. पैठणचे एकनाथ आईबापाविना आजोबांजवळ वाढले. आपल्या मातीत ही गोष्ट सातशे वर्षं सांगितली जाते आहे, तेव्हा वाचक कोरा नसतो. पण संतांचा दाखला पात्राच्या तोंडी सजावट म्हणून घालू नका. पारायणात ती गोष्ट ऐकणारी आज्जीच घरातल्या पोराला वेगळ्या ताटलीत वाढत असेल, तर तेवढं दाखवा आणि पुढं चला.

दुसरी पायरी: सोडणाऱ्याचा हिशेब

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. सोडून जाणाऱ्याला दुष्ट ठरवणं सोपं असतं आणि त्यानं कथा पातळ होते. एक कागद घ्या आणि त्या माणसाच्या बाजूनं पानभर हिशेब लिहा. तो कथेत आला नाही तरी चालेल, पण लिहिणाऱ्याला तो माहीत पाहिजे.

सोमनाथच्या आईचा हिशेब मांडून बघू. नवराबायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर उरलेली पुढच्या हंगामावर चढते. उचल नवऱ्याच्या हातात पडते. ती दारूत गेली, बहिणीच्या लग्नात गेली की दवाखान्यात, फेडायची दोघांनी. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चूल पेटवायची. नवरा मारतो. एकटी झाली तर ती अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहजी उचल देत नाही. एका रात्री ती कोपीतून निघते आणि सांगलीकडच्या एखाद्या गावात मजुरीला राहते. आता लेकराला आणायचं तर वाडीवर जावं लागणार. वाडीवर नवरा आहे, सासरा आहे आणि फिटायची राहिलेली उचल आहे. तिनं सोडलं ते नवऱ्याला. सोमनाथ त्याच्या बाजूला राहून गेला.

एवढं लिहिल्यावर तुम्हाला तिचा राग येईल आणि तिची बाजूही कळेल. सोमनाथला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला एवढंच माहीत आहे की बाकीच्यांच्या आया आल्या. वाचकाला थोडं जास्त कळू द्या, सोमनाथला उशिरा. या दोन कळण्यांमधल्या अंतरात कथेचा ताण तयार होतो.

हिशेबाच्या शेवटी दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. परत फिरायची शेवटची संधी तिला कधी होती? आणि नव्या ठिकाणी कुणी विचारलं तर ती पोराबद्दल काय सांगते? ‘आज्जीजवळ शिकायलाय’ असं ती सांगत असेल, तर त्या दोन शब्दांत तिची सगळी वर्षं येतात.

तिसरी पायरी: मोडलेल्या घराचे नियम

विस्कटलेलं घर म्हणजे सतत आरडाओरडा, असा समज आहे. अशा घरांत शांतता जास्त असते आणि नियम भरपूर असतात. बापाची मोटारसायकल वाजली की टीव्हीचा आवाज कमी करायचा. पगाराच्या दिवशी दप्तर शेजाऱ्याकडं ठेवायचं. मोठ्या पोरीनं आईच्या चेहऱ्याकडं बघून धाकट्याला बाहेर न्यायचं. असे आठ-दहा नियम वहीत लिहा, त्यांतले तीनच कथेत वापरा आणि एकाही नियमाचं कारण सांगू नका.

त्या घरातला एक चांगला दिवसही लिहा. न प्यालेला बाप बाजारातून जिलबी आणतो, पोराला खांद्यावर घेऊन यात्रा दाखवतो. हा दिवस नसेल, तर लेकरू पुढं वर्षानुवर्षं त्या बापाची वाट का बघतं, हे वाचकाला पटत नाही.

चौथी पायरी: मधला काळ

हा भाग थोडक्यात लिहा, पण गाळू नका. सोडलेलं लेकरू रडतं कमी आणि साठवतं जास्त. खिचडीतला घास कागदात बांधून ठेवणं, खोटं बोलणं, पिशवी भरलेलीच ठेवणं, कुणी चांगलं वागलं की मुद्दाम त्याचं काहीतरी फोडणं. यातल्या एखाद-दोन सवयी निवडा आणि त्या कथेच्या शेवटापर्यंत पूर्ण जाऊ देऊ नका.

पाचवी पायरी: परक्याला स्वतःची गरज हवी

गया देवमाणूस असेल तर कथा संपली. तिला काय हवंय ते ठरवा. एकट्या बाईच्या दाराशी रात्री कुणीतरी उगाच घुटमळतं. घरात एक पोरगं झोपलं तर तिला आधार होतो. शिवाय नवऱ्याच्या घरी ‘मूल होत नाही’ म्हणून तिला बोल लावलेला होता आणि गावासमोर तिला काहीतरी सिद्ध करायचं आहे. यातलं काही शोभेचं नाही, पण ते खरं आहे. पहिल्या रात्री ती सोमनाथला बोलावते ती त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे तिलाही नीट सांगता येऊ नये.

तिच्या अडचणीही मोजा. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. एक जास्तीचं पोट म्हणजे तिच्या पिठाच्या डब्यात दर महिन्याला पडणारा खड्डा. तो डबा वाचकाला दिसू द्या. मायेची किंमत कुणीतरी मोजते आहे हे कळलं, की त्या मायेला वजन येतं.

सहावी पायरी: हक्क एकेक करून वाढवा

आता कथेचं मुख्य काम. सोमनाथला गयाच्या घरात जे जे करता येतं त्याची चढती यादी करा आणि प्रत्येक हक्काला एक प्रसंग द्या. मधल्या पायऱ्या गाळू नका.

सुरुवातीला तो उंबऱ्याबाहेर बसून जेवतो. मग घरात. माठातलं पाणी आधी विचारून घेतो. एका दुपारी शाळेतून तापलेला येतो, न विचारता गडवा बुडवतो, आणि पिऊन झाल्यावर दचकून गयाकडं बघतो. ती ज्वारी निवडत असते, वरही बघत नाही. एवढाच प्रसंग. यावर कुणी काही बोललं की तो बिघडतो.

पुढचा टप्पा रागावण्याचा. पाहुण्याला कुणी रागावत नाही. गया पहिल्यांदा त्याच्यावर ओरडते, ‘लाकडं आणायची सोडून कुठं हिंडायलास?’ तेव्हा तो घाबरतो, कारण त्याच्या अनुभवात ओरडण्यानंतर माणूस निघून जातं. संध्याकाळी ती नेहमीसारखीच भाकरी वाढते. ओरडून झाल्यावरही भाकरी येते, हे त्याला नवीन आहे. हा प्रसंग मिठीच्या दहा प्रसंगांना भारी पडतो.

त्यानंतर त्याला रुसायचा हक्क मिळतो, मग ‘आज मी नाही जाणार’ म्हणायचा, आणि शेवटी तिच्यावर ओरडायचा. परकं लेकरू नेहमी गुणी दाखवायची आपल्याला सवय आहे, पण गुणीपणा हा पाहुण्याचा धर्म आहे. ते पोरगं घरात उद्धट होतं, तेव्हा ते त्या घरचं झालेलं असतं.

गावानं जागा देणं ही निराळी गोष्ट आहे आणि तिला सणवार लागतात. कथा लातूर-धाराशिवकडची असेल तर वेळ अमावस्येसारखा प्रसंग दुसरा नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला माणसं शेतावर जातात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पुजतात. भज्जी, उंडे, आंबील यांची पंगत बसते. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाक मारतं. तुमच्या पात्राला कुणाच्या शेतावरून हाक येते, आणि तिथं ते पंगतीत बसतं की वाढायला उभं राहतं? बसणारा पाहुणा असतो, वाढणारा घरचा.

लग्नही असंच. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीमागं मामा उभा राहावा लागतो. सोडलेल्या बाईच्या पोरीमागं कोण उभं राहील? मानलेला भाऊ, दिंडीतला माळकरी, की पंधरा वर्षं एकाच टोळीत ऊस तोडलेला शेजारी? नाव पुकारल्यावर मांडवात जी क्षणभर कुजबुज होते, तीही लिहा. मौतीला खांदा कोण देतो आणि दहाव्याला कोण बसतो, हे प्रश्नही विसरू नका. म्हाताऱ्याची कथा असेल तर तिचा सगळा भार इथंच येतो.

सातवी पायरी: जात टाळू नका

परक्या घरी लेकरू वाढतंय म्हटल्यावर गावात पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचं लेकरू?’ हा प्रश्न नसलेली कथा मराठवाड्यात घडत नाही. सोमनाथ आणि गया एकाच जातीचे ठेवलेत तर का ठेवलेत, हे स्वतःला विचारा. वेगळ्या जातीचे केलेत, तर माठ, पंगत, देवघर आणि स्मशान या चार जागी काय घडतं ते लिहायची तयारी ठेवा. गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून दलित लेकराला कडेवर घेणाऱ्या नाथांची गोष्ट सांगणाऱ्या गावातच चहाचा वेगळा कपही असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच पानावर येऊ शकतात. कथा १९७८ च्या आसपासची असेल, तर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायच्या, म्हणजे नामांतराच्या वेळी दलित वस्त्यांवर झालेले हल्ले कोणत्याही घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवता येणार नाहीत. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. मधल्या सोळा वर्षांत वाढलेल्या मुलाला कोणत्या घराचं दार उघडं होतं, हा प्रश्न मला अजून कथांमधून पुरेसा आलेला दिसत नाही. कुणीतरी लिहावा.

आठवी पायरी: कागद

रक्ताबाहेरच्या नात्याला घरात जागा मिळते, पण कागदावर मिळत नाही. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव, रेशन कार्डावर आज्जीचं, सातबाऱ्यावर चुलत्याचं. दहावीच्या फॉर्मवर पालकाची सही कुणाची, या एका प्रश्नावर कथेचं एक प्रकरण उभं राहतं.

इथं चुका खपत नाहीत. टाकलेलं मूल सापडलं तर ते तसंच घरी ठेवता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. मदतीचा नंबर १०९८. आईबापानं स्वतः समितीकडं सोपवलेल्या मुलाबाबत त्यांना फेरविचाराला साठ दिवस मिळतात. बालगृहातून मूल अठराव्या वर्षी बाहेर पडतं. पुढं एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. त्या अठराव्या वाढदिवसाची भीती ही स्वतंत्र कथा आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई एकटी दत्तक घेऊ शकते, पण मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं हवं, देणाऱ्यानं ते द्यायला हवं, आणि बाईनं मुलगा घ्यायचा तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. गयाचं वय ठरवताना हे लक्षात ठेवा. सोमनाथला ‘द्यायला’ कुणी हजरच नाही, म्हणजे तिचा रस्ता पुन्हा समितीकडंच जातो. सोडलेल्या बाईला खावटी मागता येते. म्हाताऱ्या आईबापाला २००७ च्या कायद्याखाली प्रांताकडं अर्ज करता येतो. हे सगळं कथेत ओतू नका. एखादा कागद, एखादी खिडकी, एखादा नकार पुरे.

नववी पायरी: रक्त परत येतं

अशा कथेत वाचक या प्रसंगाची वाट बघतच असतो, म्हणून तो टाळू नका. फक्त त्याची वेळ नीट निवडा. सोमनाथ सतरा वर्षांचा झाल्यावर आई येते. ती रडत येत नाही. नवी पिशवी, पोराच्या अंदाजानं घेतलेला शर्ट, आणि तो त्याला लहान होतो. गया तिला चहा करते. दोघी बायका एकमेकींना काय म्हणतात? एकीला दुसरीनं सोडलेलं लेकरू मिळालं, दुसरीला पहिलीनं केलेल्या कष्टांची लाज आहे. त्यांना भांडायला लावू नका आणि गळ्यातही पडायला लावू नका. त्यांना पोराच्या खाण्याबद्दल बोलू द्या. आई म्हणेल, ‘ह्याला वांगं चालत न्हाई.’ आणि सोमनाथ गेली सात वर्षं वांगं खात आला आहे.

सोमनाथनं आईला नाकारलंच पाहिजे असं नाही. रक्ताचं खोटं आणि मानलेलं खरं, असा निवाडा करायला बसलात की दोन्ही नाती कागदी होतात. तो आईबरोबर आठ दिवस जाऊन येऊ शकतो. त्या आठ दिवसांत गयाच्या घरात काय घडतं, तिथं मुक्काम करा.

शेवटचा हात फिरवताना

खर्डा झाला की चार-पाच दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्यानं वाचा. बोली आतूनच येऊ द्या. नांदेडचं पात्र आणि बीडचं पात्र एकसारखं बोलत असेल तर कान पुन्हा लावा. निवेदनात बोली किती आणि संवादात किती, हे पहिल्या पानावर ठरवून शेवटपर्यंत पाळा. कोण कुणाला अरे म्हणतं, कोण अहो, हे प्रसंगागणिक तपासा. सोमनाथ गयाला शेवटपर्यंत मावशीच म्हणत राहिला तरी काही बिघडत नाही.

मग लाल पेन घ्या. ‘रक्ताचं नसलं तरी’ असं वाक्य जिथं जिथं असेल तिथं ते खोडा. ‘पोरकं’ हा शब्द निवेदकाच्या तोंडी एकदाही नको. गावकरी म्हणत असतील तर म्हणू देत. गयाच्या चांगुलपणाचं कौतुक करणारं प्रत्येक पात्र काढून बघा. कथा उभी राहत असेल तर ते लागत नव्हतं. हक्कांची यादी पुन्हा काढा आणि एखादी पायरी एकदम उडी मारून गाठली असेल तर मधला प्रसंग लिहा. शेवटी हे पान ऊसतोडीला जाऊन आलेल्या किंवा बालगृहात वाढलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा, त्याची तयारी असेल तरच. तो जिथं ‘असं नसतं’ म्हणेल तिथं वाद न घालता विचारा, मग कसं असतं, आणि सांगेल ते लिहून घ्या.